सैनिकाचे शिक्षण नोकरीच्या मध्यावर सुरू व्हावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : सैन्यातून निवृत्त होणाऱ्या जवानांच्या शिक्षण-सवलती आणि तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरी

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा रहिवासी आहे. बारावीनंतर १९९५ मध्ये मी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संपर्कयंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेत, भरती झालो, गोव्यातील दोन नंबर सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये प्रशिक्षण घेतले आणि चोवीस वर्षे नोकरी करून २०१९ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आज पुण्यातील एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचे काम करतो. पेन्शनवर येण्याच्या बेतात असलेले जवान मला फोन करतात आणि कोणता रिसेटलमेंट कोर्स (निवृत्तीच्या वेळी पुढच्या कामासाठी मिळणारे प्रशिक्षण) घ्यावा, कॉम्प्युटरमध्ये काही जमेल का, असे विचारतात. आता गावातले आईवडीलही आपल्या अग्निवीर मुलासाठी हाच प्रश्न घेऊन येऊ लागले आहेत. प्रत्येकाला फोनवर सांगून पुरे पडत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

देशात दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक सेवेतून बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक ३५ ते ४५ या वयोगटातील असतात. या वयात माणसाच्या अंगात ताकद असते, मुले शाळा-कॉलेजात असतात, घराचे कर्ज बहुधा फिटलेले नसते आणि पुढची किमान पंधरा-वीस वर्षे काम करण्याची गरज आणि इच्छा दोन्ही असतात. तरीही आमच्या भागात पेन्शनवर आलेल्या माणसाला पहिली विचारणा होते ती सुरक्षारक्षकाच्या जागेची. माजी सैनिक महामंडळामार्फत वा खासगी एजन्सीमार्फत मिळणारे ते काम प्रामाणिक आहे, माझे अनेक सोबती ते अभिमानाने करतात आणि त्याला कमी लेखण्याचा माझा जराही हेतू नाही. मात्र वीस वर्षे रेडिओ संच दुरुस्त केलेल्या, टेलिफोन एक्स्चेंज चालवलेल्या किंवा रडारची देखभाल केलेल्या माणसासमोर तेवढा एकच रस्ता उघडा राहावा, याचे मला मनापासून दुःख होते.

सैन्यातील तांत्रिक काम बाहेरच्या लोकांनी पाहिलेले नसते, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. सिग्नलच्या जवानाने लडाखच्या थंडीत ऑप्टिकल फायबर जोडलेली असते. केसाएवढी बारीक काच आधी सोलायची, मग नेमकी काटकोनात कापायची आणि स्प्लायसिंग मशिनवर दोन टोके वितळवून एकजीव करायची. थंडीने मशिनची बॅटरी झटकन उतरते, म्हणून ती कोटाच्या आत छातीशी धरून ठेवावी लागते, आणि हातमोजे घालून हे काम होत नसल्याने बोटे उघडी ठेवावी लागतात. जोड नीट बसला नाही तर प्रकाश कमी पोहोचतो आणि पलीकडची चौकी रात्रभर संपर्काबाहेर राहते. ईएमईचा, म्हणजे सैन्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेचा, जवान इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे दोष शोधण्यात वाकबगार असतो. नौदलाचा इलेक्ट्रिकल शाखेचा माणूस जहाजावर जनरेटर आणि वीजवाटप अखंड चालू ठेवतो, कारण भरसमुद्रात वीजमंडळाला फोन करण्याची सोय नसते. वायुदलाचे एएफनेट किंवा लष्कराचे ॲस्कॉन यांसारखी देशव्यापी जाळी याच माणसांच्या हाताखाली दिवसरात्र चालतात.

आता हीच कामे मुलकी जगात कुठे लागतात ते पाहा. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरची मोठी वसाहत उभी राहिली आहे आणि पुण्यातही ती वाढते आहे. डेटा सेंटर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर प्रोग्राम लिहिणारी मुले येतात. प्रत्यक्षात त्या इमारतीचा प्राण म्हणजे वीज, थंडावा आणि तारा. बाहेरची वीज गेली की बॅटऱ्यांनी भार पेलायचा आणि काही सेकंदांत डिझेल जनरेटरने तो उचलायचा असतो. सर्व्हरच्या रांगांमधून थंड हवा ठरल्या बाजूनेच वाहावी लागते. हजारो फायबरवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात आणि चुकीची एक तार काढली तर कुठल्यातरी बँकेचे व्यवहार थांबू शकतात. येथे रात्रपाळीला जागा राहणारा, हातातले काम वहीत नोंदवल्याशिवाय दुसऱ्याच्या ताब्यात न देणारा आणि आणीबाणीत न गोंधळता ठरलेली पावले एकामागून एक टाकणारा माणूस हवा असतो. हे गुण आमच्याकडे पलटणीतच घडवले जातात. नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारी केंद्रे, सायबर हल्ल्यांच्या नोंदी तपासणारी पथके, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरची देखभाल, फायबरचे जाळे टाकणाऱ्या कंपन्या या सगळ्या ठिकाणी असेच काम असते. तंत्रज्ञान म्हणजे केवळ प्रोग्रामिंग, हा समज जवानांनी आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांनीही आधी मनातून काढून टाकावा. चाळिशीनंतर प्रोग्रामिंग शिकता येत नाही असे मी म्हणणार नाही, पण ज्याने वीस वर्षे जाळी सांभाळली त्याने जाळ्यांपासूनच सुरुवात करावी, हे मी अनुभवाने सांगतो.

माणूस तयार आणि काम हजर असे असूनही मधला पूल का बांधला जात नाही, हा माझ्या पत्राचा मुख्य प्रश्न आहे.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखालील पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे आम्ही ज्याला डीजीआर म्हणतो ते कार्यालय, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंतचे कोर्स चालवते. त्यांत सुरक्षा, व्यवस्थापन, शेतीपूरक व्यवसाय, पर्यटन यांच्याबरोबर माहिती तंत्रज्ञानही आहे. जवान आणि जेसीओ (जवान व अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याचे) यांची सगळी फी सरकार भरते. अधिकाऱ्यांना ४० टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो, आणि त्यांच्यासाठी आयआयएमसारख्या संस्थांमध्येही वर्ग असतात. म्हणजे पैसा आहे, संस्था आहेत, कागदावर विषयही आहेत.

अडचण वेळेची आहे. हे चोवीस आठवडे नोकरीच्या अगदी शेवटी येतात. त्या वेळी जवानाचे मन कुठे असते? पेन्शनची कागदपत्रे, रेकॉर्ड ऑफिसचा पत्रव्यवहार, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड, अर्धवट बांधलेले घर, मुलीची दहावी, आईचे आजारपण. वीस-बावीस वर्षे घरापासून लांब राहिलेल्या माणसाला सहा महिने घराजवळ राहण्याची पहिली संधी या कोर्सने मिळते, आणि खरे सांगायचे तर अनेकांसाठी तेच त्याचे सर्वांत मोठे आकर्षण असते. कोर्सचा विषय ठरतो तो संस्था गावापासून किती किलोमीटर आहे यावर. मी यात जवानाला दोष देत नाही. मीही तेच केले.

मला नेटवर्कचा कोर्स हवा होता. तो लांबच्या शहरात होता, म्हणून मी घराजवळच्या एका संस्थेत संगणकाचा कोर्स घेतला. तेथील यंत्रे जुनी होती. चोवीस आठवड्यांतले कितीतरी दिवस पत्र टंकलिखित करणे आणि तक्ते भरणे यांतच गेले, जे काम युनिटच्या ऑफिसात मी आधीच करत होतो. शेवटी प्रमाणपत्र मिळाले, छायाचित्र निघाले आणि आम्ही घरी आलो. त्या प्रमाणपत्राच्या आधारे मला एकाही ठिकाणी मुलाखतीला बोलावले गेले नाही. पुढे दीड वर्ष मी रोज पहाटे उठून, आधी मुलाच्या आणि नंतर माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, लिनक्स आणि राउटिंग शिकलो, सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा स्वतःच्या पैशाने दिली आणि मग डेटा सेंटरमध्ये कनिष्ठ तंत्रज्ञ म्हणून रात्रपाळीला लागलो. माझ्याकडे फायबरचा अनुभव होता आणि पेन्शनमुळे घरखर्चाची निकड नव्हती, म्हणून हे जमले. सरकारने माझ्यावर खर्च केलेले चोवीस आठवडे जर त्या दीड वर्षाच्या जागी योग्य रीतीने वापरले गेले असते, तर मला सरळ मार्ग मिळाला असता.

याहूनही मोठा गैरसमज पदवीच्या प्रमाणपत्राविषयी आहे. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाते, अशी केंद्र सरकारची १९८६ पासूनची तरतूद आहे. आमच्याकडे डिस्चार्जच्या वेळी ते प्रमाणपत्र हातात पडले की घरोघरी समजूत होते की 'फौजी ग्रॅज्युएट झाला'. ही तरतूद सरकारी नोकरीतील गट क मधील अशा पदांपुरती आहे, जेथे पदवी मागितली जाते पण तांत्रिक वा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव अनिवार्य नसतो. म्हणजे जवानाचे खरे बळ जेथे आहे, नेमके तेच दार तिच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय ते प्रमाणपत्र म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. त्याच्या आधारे एमसीएला प्रवेश मिळत नाही, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पदव्युत्तर पदविकेला मिळत नाही, आणि खासगी कंपन्यांवर तर ते बंधनकारकच नाही. मुलाखतीत मी हे प्रमाणपत्र पुढे केले तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याने ते आदराने वाचले, पुन्हा एकदा वाचले आणि "काका, पण विद्यापीठ कोणते लिहू?" असे विचारले. त्याच्या संगणकावरील अर्जात विद्यापीठाचा रकाना रिकामा ठेवण्याची सोय नव्हती. तो मुलगा चुकत नव्हता. मला वीस वर्षांत कोणी हे समजावून सांगितले नव्हते.

म्हणूनच माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की सैनिकाच्या शिक्षणाचा विचार शेवटच्या वर्षात करायचा नसून सातव्या-आठव्या वर्षीच त्याची सुरुवात व्हायला हवी. तोवर जवानाचा ट्रेड, म्हणजे सैन्यातील कामाचा प्रकार, पक्का झालेला असतो, त्याला एक-दोन ट्रेड परीक्षा पार केल्याचा आत्मविश्वास असतो आणि निवृत्तीला अजून किमान आठ-दहा वर्षे असतात. मुक्त विद्यापीठाची पदवी एवढ्या अवधीत दोनदा पूर्ण होईल. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना घरबसल्या शिकवत आहे. इग्नू आहे. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठांवरील संगणकाचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात आणि माफक शुल्क भरून त्यांची परीक्षा देता येते. आयआयटी मद्रासने २०२० पासून डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला आहे, ज्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही आणि मध्येच थांबावे लागले तर त्या टप्प्यापर्यंतचे प्रमाणपत्र वा पदविका मिळते. ज्याची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते त्याच्यासाठी टप्प्याटप्प्याने थांबण्याची ही सोय फार मोलाची आहे.

यात खऱ्या अडचणी आहेत आणि त्या मी लपवणार नाही. पुढच्या चौकीवर इंटरनेट नसते, आणि जेथे असते तेथे सुरक्षेच्या कारणास्तव फोन वापरण्यावर निर्बंध असतात, जे योग्यच आहेत. परीक्षा ठरल्या तारखेला शहरातील केंद्रावर असते आणि त्याच आठवड्यात युनिट सरावाला निघते. रजा तर गावच्या कामांनाच पुरत नाही. तरीही शांत क्षेत्रातील पोस्टिंगची दोन-तीन वर्षे प्रत्येकाच्या वाट्याला येतात. बढतीसाठी लागणाऱ्या शैक्षणिक परीक्षांचे वर्ग युनिटमध्ये शिक्षण हवालदार आजही घेतातच. त्याच वर्गात आठवड्यातून चार तास संगणक आणि इंग्रजी यांची भर घालता येईल, आणि परीक्षेसाठी लागणारे तीन-चार दिवस रजेत न धरता देण्याचा आदेश निघाला तर निम्मी अडचण दूर होईल. मी इंग्रजीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आमची मुले यंत्र उघडून दोष काढतात, पण त्याच दोषाविषयी चार ओळींचा इंग्रजी ईमेल लिहिताना त्यांचा हात अडतो, आणि मुलाखतीत ती तेथेच मागे पडतात.

दुसऱ्या देशाचे उदाहरण द्यायचे तर अमेरिकेचे द्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी ज्या कायद्यावर सही केली तो 'जीआय बिल' नावाने ओळखला जातो. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण वा प्रशिक्षण घेतले आणि त्यांतील सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. २००९ पासून लागू असलेल्या त्याच्या नव्या रूपात ३६ महिने सक्रिय सेवा केलेल्या सैनिकाला ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा पूर्ण लाभ मिळतो, ज्यात फी, राहण्याचा भत्ता आणि पुस्तकांचा खर्च यांचा समावेश असतो. हे वाचून आपल्याकडेही तसेच करा, असे मी एकदम म्हणणार नाही. आमच्या जवानाला १५ वर्षांनंतर आयुष्यभराची पेन्शन मिळते, तेथे तीन-चार वर्षांत बाहेर पडणाऱ्याला ती मिळत नाही. दोन व्यवस्थांचे हिशेब वेगळे आहेत.

घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. २०१९ मध्ये तेथे तंत्रज्ञानाच्या लघु अभ्यासक्रमांसाठी 'व्हेट टेक' नावाचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पूर्ण फी एकदम मिळत नसे. माजी सैनिकाने प्रवेश घेतला की २५ टक्के, अभ्यासक्रम पूर्ण केला की आणखी २५ टक्के, आणि उरलेले ५० टक्के त्याला त्या क्षेत्रात नोकरी लागल्यानंतरच. ही एक अट आपल्याकडील रिसेटलमेंट कोर्सना लावली तर जुनी यंत्रे मांडून बसलेल्या संस्था एका वर्षात गळून पडतील आणि खरोखर शिकवणाऱ्या पुढे येतील. आज संस्थेचे काम जवानाच्या हातात प्रमाणपत्र दिले की संपते. त्यानंतर सहा महिन्यांनी तो काय करतो, याची चौकशी करणारा फोन मला तरी आजवर कोणाचाही आलेला नाही.

अमेरिकेने हे शहाणपण नुकसान सोसून मिळवले. सैनिकांच्या शिक्षणाचा पैसा दिसताच नफेखोर महाविद्यालयांनी त्यांना जाहिरातींनी वेढले, आणि आयटीटी टेक ही मोठी संस्था सप्टेंबर २०१६ मध्ये अचानक बंद पडली तेव्हा अनेक माजी सैनिकांचे लाभाचे महिने खर्ची पडले आणि हाती पदवी आली नाही. पुढच्या वर्षी कायदा करून ते महिने परत देण्याची तरतूद करावी लागली.

हे सांगण्याची निकड अग्निवीरांमुळे आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली त्या वर्षाच्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील आणि बाकीचे बावीस-पंचविशीच्या वयात घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे जे डीजीआरचे कोर्स माझ्या हक्काचे होते त्यांवर त्यांचा हक्क नाही. त्यांच्या हाती सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी, म्हणजे सेवा संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, असेल. आमच्या तालुक्याच्या गावी आताच 'सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनीयर' अशा पाट्या दिसतात. एका वेळी इतके पैसे घेऊन येणारी, शिस्तीची, सांगितलेले ऐकण्याची सवय असलेली बावीस वर्षांची मुले अशा क्लासवाल्यांच्या दृष्टीने कोण असतील, हे मी अधिक फोड करून सांगत नाही. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की सेवानिधीतून मोठी फी एकरकमी भरू नये, आणि मागच्या तुकडीतील किमान पाच मुलांना स्वतः भेटून त्यांना कुठे नोकरी लागली हे विचारल्याशिवाय कुठेही नाव घालू नये.

अग्निवीरांसाठी एक चांगली गोष्ट मात्र झाली आहे, आणि ती आमच्या पिढीला मिळाली नव्हती. इग्नूच्या तीन वर्षांच्या विशेष पदवीत निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतील प्रशिक्षणासाठी दिले जातील, असे शिक्षण मंत्रालयाने २०२२ मध्येच जाहीर केले. दहावी झालेल्यांना मुक्त विद्यालयाच्या मार्गाने बारावीचे प्रमाणपत्रही मिळू शकते. सैन्यात शिकलेले शिक्षणच असते, हे मान्य करणारे हे पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वेळी उरलेल्या निम्म्या श्रेयांकांसाठी भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, वाणिज्य, पर्यटन, शेती अशा विषयांची नावे घेतली गेली होती. सिग्नल, ईएमई, नौदल आणि वायुदल यांच्या तांत्रिक ट्रेडमधील मुलांसाठी त्यात संगणक जाळी, सायबर सुरक्षा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची स्वतंत्र शाखा असावी, आणि तिची परीक्षा इतर कोणत्याही विद्यार्थ्याइतकीच कठीण असावी. सवलतीची पदवी आम्हाला नको आहे. आम्ही जे आधीच शिकलो आहोत ते पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावू नये, एवढेच मागणे आहे.

आणि हाच न्याय सतरा, बावीस, चोवीस वर्षे नोकरी करणाऱ्या जवानांनाही लागू व्हावा. चार वर्षांच्या प्रशिक्षणाला निम्मी पदवी मिळत असेल, तर वीस वर्षे त्याच ट्रेडमध्ये काम केलेल्या हवालदाराला नुसते समकक्षतेचे प्रमाणपत्र देऊन घरी पाठवणे मला पटत नाही. श्रेयांक साठवण्याची ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे आणि अनुभवालाही श्रेयांक देता येतील असा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा २०२३ मध्ये आला. सैन्याचे ट्रेड आणि मुलकी व्यवसाय यांची जुळणी दाखवणारे तक्ते पुनर्वसन महासंचालनालयाने पूर्वीच तयार केलेले आहेत. सुटे भाग सगळे असताना ते जोडण्याचे काम कोणीतरी हाती घ्यायला हवे, आणि दिघीच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीपासून दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीयरिंगपर्यंत आणि सी-डॅकच्या मुख्यालयापर्यंत सगळे एकाच शहरात असलेल्या पुण्याहून त्याला अधिक सोयीची जागा मला दिसत नाही.

दिघीच्या संस्थेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयात सैनिकांची मुले-मुली संगणक आणि आयटीचे अभियांत्रिकी शिक्षण घेतात. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या पाल्यांना आणि विधवांना दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या मिळतात, मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. बारावीला किमान ६० टक्के असलेल्यांनी आणि त्यांच्या पालकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून तिचा अर्ज जरूर भरावा. आमच्या गावात अनेकांना या योजनेचे नावही ठाऊक नव्हते. मुलांसाठीच्या या सवलतींचा उपयोग होतो, कारण त्या योग्य वयात, शिकण्याच्या ऐन काळात हाती येतात. बापासाठीची सवलत मात्र तो सामान बांधत असताना येते.

शेवटी एक विनंती पुणे, हिंजवडी, नवी मुंबई येथील कंपन्यांत भरतीचे काम पाहणाऱ्या मराठी वाचकांना आहे. माजी सैनिकाचा अर्ज आला की पदवीचा रकाना पाहून तो बाजूला ठेवण्यापूर्वी त्याच्या डिस्चार्ज बुकातील ट्रेड आणि केलेल्या कोर्सची पाने वाचावीत. अर्थ लागला नाही तर कोणत्याही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारावे. आणि शक्य असेल तर त्याला मुलाखतीऐवजी एक बिघडलेले नेटवर्क समोर ठेवून दुरुस्त करायला सांगावे. माझी निवड तशीच झाली होती. ज्या ठिकाणी विद्यापीठाच्या रकान्यापाशी अर्ज थांबला होता ती कंपनी वेगळी होती. येथे मला एका नेटवर्क स्विचसमोर (तारा जोडून संगणक एकमेकांशी बोलते करणारे यंत्र) उभे करून चाळीस मिनिटे दिली गेली आणि मी दोष शोधून काढला. माझ्या तालुक्यातून येत्या वर्षभरात पेन्शनवर येणारे सिग्नल आणि ईएमईचे सहा जवान मला ठाऊक आहेत. त्यांतले चौघे सध्या मी दिलेल्या लिनक्सच्या पाठांवर काम करतात आणि दर रविवारी रात्री मला फोनवर शंका विचारतात. त्यांनाही तशी चाळीस मिनिटे मिळावीत.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार (सिग्नल कोअर)
ता. कोरेगाव, जि. सातारा